मोतमाउलीची टेकडी

दरवर्षी ८ सप्टेंबरला कुमारी मरियेचा जन्मदिन येतो, आणि लगतच्या रविवारपासून वांद्र्याच्या टेकडीवर आठवडाभर जी जत्रा भरते, तिच्या गर्दीत ख्रिस्ती भाविकांच्या खांद्याला खांदा लावून हिंदू, पारशी आणि मुसलमानही ती चढण चढत असतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर मरिया ही देवता नव्हे. आराधना एकट्या परमेश्वराची, मरियेला वंदन करावे आणि तिने आपल्यासाठी पुत्राकडे रदबदली करावी एवढी विनंती करावी, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. परंतु कोळीवाड्यातील जी स्त्री कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलते, तीच या टेकडीवरच्या मरियेपुढे, म्हणजे मोतमाउलीपुढेही, मेणबत्ती लावते, आणि या दोन वाऱ्यांत तिला कसलाही विसंवाद जाणवत नाही. तिच्या या श्रद्धेला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे मला कधीच पटलेले नाही.

पोर्तुगीज अंमलात, सन १५७० च्या सुमारास, जेजुइट पाद्र्यांनी येथे मातीचे लहानसे प्रार्थनामंदिर उभारले. १६४० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली, मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत १७३८ मध्ये ते जमीनदोस्त झाले आणि १७६० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत झाला व त्याप्रमाणे समुद्रात मरियेची तरंगती मूर्ती त्याला सापडली, अशी कथा कोळ्यांत परंपरेने चालत आली आहे. आजची दगडी वास्तू शापुरजी चांदाभॉय यांनी आखलेली. ती १९०४ मध्ये पुरी झाली आणि १९५४ मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

करुणेची याचना मात्र या मुलखाला पोर्तुगीजांनी शिकवली असे नाही. याच साष्टी बेटावर, कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात, तारा आणि भृकुटी यांच्या मधोमध करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेल्या माणसांची लहान लहान दृश्ये कोरलेली आहेत. त्यांत फुटत्या नौकेतून त्याचा धावा करणारे प्रवासीही आहेत. समुद्रावर ज्यांचे पोट आहे, त्यांनी करुणेकडे अगोदर काय मागितले असेल, ते या शिल्पापुढे उभे राहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

चढणीच्या कडेला मेणाच्या वस्तूंची दुकाने लागतात. हात, पाय, हृदय, तान्हे मूल, कौलारू घर, अलीकडे विमानसुद्धा: ज्याचा गुडघा धरला असेल त्याने पाय घ्यावा, ज्याच्या घरात पाळणा हललेला नाही त्याने बाळ घ्यावे, आणि ते माउलीच्या चरणी ठेवावे. या रिवाजात मला देवाणघेवाणीचा हिशेब दिसत नाही. आपले दुःख नेमके कोणते, हे माणसाला पुष्कळदा स्वतःशीही उच्चारता येत नाही. येथे त्याला ते निवडून, हातात धरून, चारचौघांतून वर न्यावे लागते, आणि एवढ्यानेच त्याच्या प्रार्थनेला आकार येतो.

परंतु खरी उपासना त्यापुढे, माळ हाती घेतल्यावर सुरू होते. रोझरीच्या माळेत पाच दशके असतात. प्रत्येक दशकात दहा वेळा 'नमो मरिया' म्हणावयाचे, आणि ओठ जप करीत असता मनाने ख्रिस्ताच्या व त्याच्या मातेच्या चरित्रातील एका प्रसंगावर स्थिर व्हावयाचे. मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे योगायोगाने आपण देवीचे मानतो त्याच दोन वारी, शोकाच्या प्रसंगांचे चिंतन असते: गेथशेमनेच्या बागेतील वेदना, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहून नेणे, आणि शेवटी क्रूसावरील मृत्यू. आपल्या मुलाच्या तापासाठी मेणाचे बाळ वाहून आलेली आई अशा रीतीने, हळूहळू, जिचा मुलगा वाचलाच नाही अशा दुसऱ्या एका आईशेजारी जाऊन बसते. मागावयाला आलेल्या माणसाला परदुःखाची सोबत करावयाला लावणारी ही माळ मला त्या टेकडीवरील सर्वांत मोलाची वस्तू वाटते. कारण करुणेची उपासना करावी आणि आपण मात्र निष्करुण राहावे, याला तिच्यात वाव नाही.

टेकडीखालच्या जुन्या गावठाणांत हे अधिक स्पष्ट दिसते. १८९६ च्या प्लेगने मुंबईत हाहाकार उडविला तेव्हा वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांतून जागोजागी क्रूस उभारले गेले. त्यांतले कितीतरी आजही रणवार, चिंबईसारख्या वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी, फुलांच्या माळा घालून उभे आहेत. मे हा मरियेचा महिना. त्या महिन्यात संध्याकाळी शेजारीपाजारी या क्रूसांपुढे जमून रोझरी म्हणतात, मागाहून मरियेच्या नामावलीची लितानी गातात, आणि प्रार्थना आटोपली की उकडलेल्या चण्यांची पातेली बाहेर येतात. ज्याच्या घराची पाळी असेल तो, जमलेल्यांपैकी कोण कोणत्या धर्माचा हे न विचारता, ओंजळ पुढे करणाऱ्या प्रत्येकाला चणे वाटतो.