प्रात्यक्षिक दाखविणाऱ्याचे प्रशिक्षण

२ ऑक्टोबर १९५२ रोजी भारतात सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि नवे ज्ञान खेड्यापर्यंत नेण्याचे काम ग्रामसेवकाकडे आले. ज्ञान असणे आणि ते दुसऱ्यास देता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या कामात लवकरच दिसून येते. म्हणूनच विस्तार कार्यकर्त्याच्या शिक्षणात शेतीशास्त्राइतकेच महत्त्व प्रात्यक्षिकाला दिले जाते.

बाजरीवरील अरगट रोगाचे उदाहरण घेऊ. या रोगात कणसात दाण्यांच्या जागी बुरशीचे काळपट, कठीण कण तयार होतात. ते विषारी असतात. अशी बाजरी खाल्ल्याने मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी असे विकार होतात. १९७५ साली राजस्थानात अशा विषबाधेची नोंद झाली होती. बियाण्यातून हे कण काढण्याचा उपाय सोपा आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे व ढवळावे. हलके कण वर तरंगतात. ते काढून जाळावेत किंवा पुरावेत. तळाशी राहिलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

एवढी साधी कृतीही दाखविताना चुकू शकते. नवशिका कार्यकर्ता भांड्याकडे पाहून बोलतो, त्यामुळे मागच्यांना शब्द ऐकू जात नाहीत. त्याच्याच हातामुळे भांडे झाकले जाते. घाईत तो 'थोडे मीठ' एवढेच म्हणतो. मीठ कमी पडले तर अरगटाचे कण बुडालेल्या बियाण्यातच राहतात आणि शेतकरी मात्र आपले बियाणे शुद्ध झाले असे समजून निश्चिंत राहतो. बियाणे धुण्यास सांगावयाचे राहिले तर मिठामुळे उगवण बिघडते. मग दोष दिला जातो तो उपायाला, आणि पुढच्या खेपेस कार्यकर्त्याचे कोणी ऐकत नाही.

हे टाळण्यासाठी प्रशिक्षणात काही पथ्ये शिकविली जातात. एका प्रात्यक्षिकात एकच कौशल्य दाखवावे. कृतीचा क्रम आधी लिहून काढावा व प्रत्येक टप्प्यामागील कारण एका वाक्यात सांगता यावे. मापे गावात मिळतील अशाच भांड्यांनी दाखवावीत. गावात जाण्यापूर्वी सहकाऱ्यांसमोर संपूर्ण रंगीत तालीम करावी. त्यांपैकी काहींनी शेतकरी होऊन शंका विचाराव्यात, तर एकाने मागे बसून कोणता शब्द ऐकू आला नाही व कोणती कृती दिसली नाही याची टिपणे घ्यावीत. बियाणे निवडण्याचे व राखण्याचे काम अनेक घरांत स्त्रियाच करतात; तेव्हा त्यांना सोयीची वेळ व जागा ठरविणे हाही तयारीचाच भाग होय.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा शेवटचा असतो. कार्यकर्त्याने बाजूला होऊन भांडे एखाद्या शेतकऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याला सारी कृती प्रथमपासून करू द्यावी. तो जेथे अडखळेल तेथे सांगणाऱ्याचे सांगणे अपुरे पडले, असे समजावे. १९७४ साली पाँडिचेरी येथे देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. त्याच्या कार्यामागेही प्रत्यक्ष करून शिकण्याचे हेच तत्त्व होते.

श्रोत्यांनी मान डोलावली म्हणजे प्रात्यक्षिक यशस्वी झाले असे नव्हे. पेरणीच्या आदल्या दिवशी, कार्यकर्ता गावात नसताना, एखाद्या घरी मीठ मापून घेतले जाते की नाही, यावरच त्याची खरी परीक्षा होते.