टी.व्ही. घेण्याआधी खाटेपासून भिंत मोजा



आडत्याकडून सोयाबीनची पट्टी हातात पडली आणि दिवाळी तोंडावर आली, की घरोघरी एक विषय हमखास निघतो. जुना टी.व्ही. काढून नवा आणायचा. त्यात आता ‘4के’ आणि ‘8के’ हे शब्द पोरांच्या तोंडी बसले आहेत. तुम्ही म्हणाल, खोडकिडा आणि तांबेऱ्यावर बोलणारा हा माणूस टी.व्ही.वर कशाला बोलतो? त्याचे कारण असे, की हा पैसा बहुधा रब्बीच्या पेरणीचा असतो. तो भिंतीवर गेला की खताच्या दुकानात उधारीचे पान उघडते. हे मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिले आहे.

मागच्या हंगामात माझ्या ओळखीचे एक आबा मला तालुक्याच्या दुकानात सोबत घेऊन गेले. “साहेब, पोरगं 8केच घ्या म्हणतंय, तुम्ही जरा बघा.” दुकानात 65 इंची संच लावला होता. पडद्यावर पोपट, त्याच्या पिसाची एकेक काडी मोजून घ्यावी! आबा तर बघतच राहिले. हप्त्याचा कागदही पुढे आला.

मी दुकानदाराला म्हणालो, “आमच्या गावात बहुतेक घरांवर फ्री डिश आहे. तिची पेटी जोडून दाखवा.” त्याने जरा आढेवेढे घेतले, पण जोडली. मालिका लागली. माणसांचे चेहरे पुसट, कडा विरघळल्यासारख्या. आबा म्हणाले, “अहो, आपला जुनाच बरा दिसतो की!”

दुकानदाराने फसवले असे नाही. पोपटाचे चित्र मुद्दाम त्या संचासाठी काढलेले होते. यातले गणित समजून घ्या. पडद्यावरचे चित्र रांगोळीसारखे ठिपक्यांचे असते. फ्री डिशच्या साध्या वाहिनीच्या चित्रात सुमारे 4 लाख ठिपके येतात. फुल एच.डी. संचात 20 लाखांवर, 4के संचात सुमारे 83 लाख आणि 8के संचात 3 कोटी 30 लाखांच्या आसपास ठिपके असतात. म्हणजे आलेला एक ठिपका 8के पडद्यावर ऐंशी ठिपक्यांवर पसरावा लागतो. संच मधली जागा अंदाजाने भरतो, पण मुळात न आलेला तपशील तो आणणार कुठून? विहिरीला अर्ध्या तासाचे पाणी आणि वर दहा अश्वशक्तीची मोटार, असला हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट डोळ्याची. चांगल्या नजरेच्या माणसालाही ठराविक अंतरापलीकडे बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. हिशेब केला तर 43 इंची पडद्यापासून साडेपाच फुटांपेक्षा, 55 इंचीपासून सात फुटांपेक्षा आणि 65 इंचीपासून साडेआठ फुटांपेक्षा लांब बसलात, तर फुल एच.डी. आणि 4के यांच्या ठिपक्यांतला फरक कळत नाही. 4के आणि 8के यांतला फरक दिसायला तर याच्याही निम्म्या अंतरावर बसावे लागेल. 65 इंची पडद्यापुढे चार फुटांवर कोण बसतो? लांबून चित्र लहान वाटत असेल तर इंच वाढवा, ‘के’ वाढवून काही होणार नाही.

याचा अर्थ 4केला नाव ठेवा असे मी म्हणत नाही. आज 43 इंचांपासून पुढचे बरेचसे संच 4केच येतात. त्याच किमतीत मिळत असेल तर खुशाल घ्या, फुल एच.डी. शोधत फिरू नका. त्याचा उपयोग मात्र इंटरनेटवरून पाहणाऱ्याला. 2023 सालचे आयपीएलचे सामने इंटरनेटवर 4केमध्ये दाखवले होते. पण 4के चित्राला तासाला 7 जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा रोजचा 2 जीबीचा पॅक सतरा-अठरा मिनिटांत संपेल, नाणेफेकीनंतर दोन-चार षटके झाली की खेळ खलास! घरात फायबरची जोडणी असेल तरच हे जमते. 8केचे कार्यक्रम तर आपल्याकडे नावालाच आहेत, आणि संचाची किंमत लाखाच्या घरात.

माझ्या मते ठिपक्यांपेक्षा पडद्याचा उजेड आणि बाजूने दिसणारे चित्र पाहावे. आपल्याकडे दिवसा दार उघडे असते आणि निम्मे घर कोपऱ्यात बसून बघते. दुकानात डावी-उजवीकडे सरकून बघा, रंग फिके पडतात का ते कळेल. आवाजही ऐका, पातळ संचांचा आवाज बहुधा पोकळ असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या संचांचा जी.एस.टी. 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल घ्या आणि त्यावरचा दर वाचा.

आणखी एक, जे दुकानात कोणी सांगत नाही. गावात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली, की घरात 230 व्होल्टऐवजी चारशेच्या आसपास दाब येऊ शकतो. पडदा गेला तर तो बदलायचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. म्हणून अर्थिंग तपासून घ्या, जास्त दाब आला की पुरवठा तोडणारे उपकरण वायरमनकडून बसवून घ्या. वीज कडाडू लागण्याआधी प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

आबांनी घरी जाऊन दोरीने मोजले. खाटेपासून भिंत साडेनऊ फूट भरली. 43 इंची 4के संच रोखीने आणला, अर्थिंग नवे केले आणि उरलेल्या पैशांत हरभऱ्याचे बियाणे व खत आले. पोरगा दोन दिवस फुगून होता. आबांच्या मातोश्री मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही जुन्या सवयीने पडद्यापुढे चार फुटांवर पाट टाकून बसतात. साऱ्या घरात 4केचे ठिपके ओळखू येतील अशा जागी बसणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्या पाहतात ते फ्री डिशवरचे कीर्तन.