फुलचूरहून लंडन किती लांब?

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटर. मुंबईपासून लंडन ७,२०० किलोमीटर. मग फुलचूरपासून लंडन किती? वर्गातला कोणीही मुलगा चटकन सांगेल, आठ हजार! बेरीज बिनचूक, पण उत्तर चुकले. खरे अंतर आहे सुमारे साडेसात हजार. म्हणजे मुंबईकर लंडनला आपल्यापेक्षा जवळ, पण ते जेमतेम ३०० किलोमीटरनेच.

असे का, तर लंडनची सरळ वाट मुंबईवरून जातच नाही. भिंतीवरच्या नकाशात लंडन आपल्या पश्चिमेला, जरासे वर दिसते. पण पृथ्वी पडली गोल. संत्र्याची साल न फाडता पाटावर सपाट बसवून पाहा, बसते का? नकाशा काढणारा ती साल फाडत नाही, ताणतो; आणि नेहमीच्या नकाशात उत्तरेकडे हा ताण फार असतो.

म्हणून गुरुजींनी पृथ्वीगोल आणि दोरा घ्यावा. गोलावर फुलचूर कुठले सापडायला! नागपूरच्या किंचित पूर्वेला खूण करावी आणि तिथून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा निघतो थेट वायव्येला. राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कास्पियन समुद्र, रशियाचा दक्षिण भाग, युक्रेन, जर्मनी आणि मग लंडन. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. गोलाचा घेर १०० सेंटिमीटर भरला, तर एक सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. लंडनचा दोरा एकोणीसला थोडा कमी भरेल. हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा, त्यात गंमत आहे.

मात्र दोऱ्याची वाट निराळी आणि विमानाची निराळी, बरं का. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. एका दमात एवढा पल्ला त्या विमानाला झेपणारा नव्हता. तीन टप्प्यांची ती वाट सरळ वाटेहून सुमारे ७०० किलोमीटरने लांब पडते.

पुढे विमाने न थांबता जाऊ लागली, पण आकाशालाही बांध असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. आपला दोरा नेमका या दोन्ही देशांवरून जातो! पांदण अडवली की बैलगाडीला जसा फेरा पडतो, तसाच विमानाला. इंधन जास्त, वेळ जास्त आणि त्याचा भार शेवटी तिकिटावर.

फेरा नेहमी तोट्याचाच असतो, असेही नाही. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून, म्हणजे पूर्वेकडून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली, पण वारा पाठीशी होता. विमान नेहमीपेक्षा दोन तास आधी पोहोचले.