बंदूक : अमेरिकन चित्रपट व संगीतातील चित्रण
बंदुकीची सहज उपलब्धता व तिने घडणारी हिंसा यांचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील चित्रपटांतून व गीतांतून होणारे दर्शन. तेथील राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) शस्त्रे बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले. हा हक्क व्यक्तिगत असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. २०१७ मध्ये नागरिकांजवळ सु. ३९ कोटी बंदुका, म्हणजे लोकसंख्येहून अधिक, असाव्यात असा अंदाज होता.

चित्रपट : एडविन एस. पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) या मूकपटातील दरोडेखोर प्रेक्षकांच्या दिशेने पिस्तूल झाडतो. पुढे वेस्टर्नपटांनी बंदुकीला न्यायदानाचे, तर १९३० नंतरच्या गुंडपटांनी सत्तेचे साधन बनविले. बंदुकांचे दर्शन अत्यावश्यक तेवढेच असावे, असे निर्मिती-संहितेत (१९३०) नमूद होते. १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली. १९६८ मध्ये संहितेची जागा वर्गीकरणाने घेतली आणि १९८४ मध्ये ‘पीजी-१३’ हा वर्ग निर्माण झाला. १९८५ नंतर याच वर्गातील बंदूक-हिंसा तिपटीहून अधिक वाढल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले.

संगीत : सेंट लुइस येथे १८९५ च्या नाताळात घडलेल्या एका खुनावरून ‘स्टॅगर ली’ हे लोकगीत रूढ झाले. १९८० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या गँगस्टा रॅपमध्ये वस्त्यांतील टोळीयुद्धे व पोलिसी अत्याचार यांचे वर्णन आले. टुपॅक शकुर (१९९६) व नोटोरिअस बी. आय. जी. (१९९७) हे रॅपगायक गोळीबारातच मारले गेले. गीतांतील शब्द गुन्ह्याचा पुरावा मानावेत काय, हाही वाद उद्‌भवला. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये अशा वापरावर कायद्याने मर्यादा घातल्या.

परिणाम व मर्यादा : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना चित्रपटाचा अंश दाखवून नंतर, निकामी केलेले खरे पिस्तूल ठेवलेल्या खोलीत खेळू दिले. बंदुका असलेला अंश पाहिलेल्या मुलांनी ते अधिक वेळ हाताळले व चापही अधिक वेळा ओढला. तथापि केवळ चित्रणाने हिंसेचा उलगडा होत नाही. जपानमध्येही हेच चित्रपट पाहिले जातात. परंतु १९५८ च्या कायद्याने तेथे बंदूक मिळविणे अतिशय दुष्कर केले असून गोळीबारातील मृत्यू अत्यल्प आहेत. चित्रणाचा परिणाम शस्त्र हाती येण्याच्या शक्यतेशी निगडित असतो, हे यावरून सूचित होते.

नेमकी हीच बाब चित्रपटांत सहसा दिसत नाही. नायकाच्या वा खलनायकाच्या हाती बंदूक असतेच. ती कोठून व कशी आली हे क्वचितच सांगितले जाते. शिवाय अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. पडद्यावर मात्र चकमक व खून यांचेच प्राबल्य असते. घरात सहज सापडणारी बंदूक हा या मृत्यूंमागील प्रमुख धोका असूनही तो प्रेक्षकांच्या नजरेआड राहतो.