मेसच्या ताटात काय कमी पडते?

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या भागात दुपारी साडेबाराच्या सुमारास मेसच्या दारात चपलांचे ढीग दिसू लागतात. लातूर, बीड, नंदुरबार, सोलापूरकडून आलेली मुले कॉलेजात शिकणारी असोत की स्पर्धा परीक्षा देणारी, त्यांचे जेवण इथेच. भिंतीवर नियमांचा कागद असतो : पैसे आगाऊ भरावेत, सलग काही दिवस गैरहजर राहिल्यासच खाडा धरला जाईल, ताटात अन्न टाकू नये. आत स्टीलच्या खणांच्या ताटात चार चपात्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, भाताची मूद आणि लोणच्याची फोड. पोट भरते, यात शंका नाही. पण अठरा ते पंचवीस या वयात शरीराला जे लागते, ते या ताटात किती असते?

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चार चपात्यांतून साधारण बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. भात आणि भाजीतून पाचेक ग्रॅम आणि पातळ वरणाच्या वाटीतून फार तर तीन-चार ग्रॅम. म्हणजे एका जेवणात वीस ग्रॅम, दोन वेळचे मिळून चाळीस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीनुसार शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या मुलाला ती पन्नास ग्रॅम होतात. तूट दहा ग्रॅमची.

त्यातही अडचण अशी की या चाळीस ग्रॅममधली बहुतेक प्रथिने गहू आणि तांदळातून आलेली असतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ते डाळी आणि कडधान्यांत भरपूर असते आणि डाळींत जे कमी, ते धान्यात मिळते. वरण-भात किंवा भाकरी-पिठले ही जोडी म्हणूनच पोषणाच्या दृष्टीनेही पक्की. मेसमध्ये नेमके वरणच पाणीदार होते, कारण डाळ महाग. आयसीएमआरने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी ८५ ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. मेसच्या भाजीत बटाटाच का जास्त, याचे उत्तरही स्वयंपाकघरात आहे. मेथी-चुका निवडायला, धुवायला माणसे लागतात. बटाटा सोलला, चिरला, फोडणीला टाकला की झाले. मेसवाल्या काकूंना दोष देऊन भागणार नाही, कारण त्यांनाही ठरलेल्या पैशांतच महिना काढायचा असतो.

दहा ग्रॅमची ही तूट भरणे मात्र अजिबात अवघड नाही. दोन उकडलेल्या अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिने असतात. अंडी न खाणाऱ्यांना मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दही पुरते. फुटाणे, मोड आलेली मटकी, सोयाबीनच्या वड्या यांतले काहीही चालते आणि यातले बरेचसे खोलीवर, गॅसशिवाय करता येते. मटकी रात्री भिजवून सकाळी ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. कांदा, टोमॅटो, लिंबू घातले की नाश्ता तयार. जिममध्ये जाणारी मुले डब्यातल्या प्रथिनांच्या पावडरीवर महिन्याच्या मेसइतके पैसे घालतात, हे पाहून वाईट वाटते. त्याच २०२४च्या सूचनांनी स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी घेणे टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

सगळ्यात मोठे नुकसान सकाळी होते. साडेसातचे लेक्चर किंवा अभ्यासिकेत जागा धरायची घाई, म्हणून नाश्ता बुडतो आणि त्याची जागा कटिंग चहा घेतो. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा चहा. या सवयीचा फटका विशेषतः मुलींना बसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिने चढताना धाप लागणे, वाचताना लक्ष न लागणे, केस गळणे या तक्रारी अभ्यासाच्या ताणाच्या खात्यावर टाकल्या जातात आणि हिमोग्लोबिन मात्र तपासले जात नाही. स्त्रियांमध्ये ते १२च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३च्या खाली गेले, तर रक्तक्षय मानतात.

चहातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही. लिंबातले क जीवनसत्त्व नेमके उलटे काम करते. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये आणि पोह्यांवर, उसळीवर, वरण-भातावर लिंबू पिळावे. एवढ्याने जुना रक्तक्षय बरा होत नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच लागतात. पण ताटात आहे तेवढे लोह तरी अंगी लागते.

रात्रीचे गणित वेगळे. साडेआठला जेवलेला मुलगा दीड वाजेपर्यंत वाचत बसला तर त्याला भूक लागणारच, ती दाबून ठेवण्यात काही शहाणपण नाही. प्रश्न असतो तेव्हा हाताशी काय असते याचा. खोलीत इन्स्टंट नूडल्सचे पुडे असतील तर तेच उकळले जातात. त्यात मैदा, तेल आणि दिवसभरात चालेल अशा पाच ग्रॅम मिठातला मोठा हिस्सा असतो. केळी, खजूर, शेंगदाणा-गूळ, राजगिऱ्याचा लाडू असे काही डब्यात भरून ठेवले असेल तर त्याच भुकेला चांगले खाणे मिळते. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हाही हाच डबा कामी येतो.

परीक्षेच्या दिवसांत कॅफीन किती जाते, याकडेही लक्ष हवे. दिवसाला ३०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. एका कप चहात ३० ते ६५ आणि इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम असते. रात्री उशिरा घेतलेली कॉफी झोप उडवते आणि झोपेतच वाचलेले पक्के होते, म्हणजे जागरणाने अभ्यासाचेच नुकसान.

पाण्याबद्दल पुण्याने २०२५च्या सुरुवातीला कठोर धडा घेतला. सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गीयन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढत गेले आणि संशयितांची संख्या दोनशेच्या वर पोहोचली. अनेकांना आधी जुलाब झाले, मग हातापायांतली ताकद गेली. तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. याच परिसरात कॉलेजे आणि भाड्याने राहणारी असंख्य मुले आहेत. कावीळ आणि टायफॉइड तर दर पावसाळ्यात असतातच. उकळलेले पाणी, शिळे टाळणे, नीट शिजलेले मांस, जेवणाआधी साबणाने हात धुणे या गोष्टींना पर्याय नाही.

विद्यार्थ्याच्या जेवणाची जबाबदारी फक्त त्याच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडायची, ही रीत महाराष्ट्राची नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंक्तीत जेवत. मुलांचे पोट भरावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. शिक्षणाचा खर्च मांडताना या सर्वांनी जणू पहिली ओळ धान्याची लिहिली होती. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भत्ता देते. योजना आखताना पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी भोजनभत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरला. वर्षावर वाटला तर दिवसाला ८८ रुपयांपेक्षा कमी. त्यात दोन वेळचे जेवण आणि नाश्ता बसवायचा, आणि हप्ता लांबला तर नाश्ता सर्वांत आधी कापला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ आणि २०१८मध्ये कॅम्पसवर जंक फूड विकू नये, असे कळवले होते. पण वडापाव काढून टाकला आणि त्या जागी उसळ, अंडी, ताक ठेवले नाही, तर मुले फाटकाबाहेरच्या गाडीवर जातात. खरा बदल कॉलेजची मेस समिती घडवू शकते, फक्त तिने चवीच्या तक्रारींपलीकडे पाहायला हवे. आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी कडधान्याची उसळ, दोनदा पालेभाजी, ताटात लिंबाची फोड, वरणात डाळ किती किलो पडणार याचा करारात स्पष्ट आकडा, वर्षातून एकदा सर्वांची हिमोग्लोबिन तपासणी, एवढे मागण्याचा विद्यार्थ्यांना पूर्ण हक्क आहे. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख मेसच्या फळ्यावर लिहायला लावणे हेही त्याच समितीचे काम.