किडनी बसली, आता गोळ्या सांभाळा

किडनी बदलायची म्हटले की आपल्या घरांतून सगळी धावपळ ऑपरेशनपर्यंतची असते. कोण देणार, रक्तगट जुळतो का, पैसा कुठून आणायचा, नांदेडहून हैदराबाद गाठायचे की लातूरहून सोलापूर-पुणे? पेशंट पायी चालत घरी आला की नातलग सुटकेचा श्वास सोडतात. पण ऑपरेशन काही तासांचे असते, गोळ्या मात्र किडनी चालते तोवर घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांच्या त्रासाविषयी आपल्या वस्तीत कोणी उघड बोलत नाही, म्हणून हे लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आपले शरीर बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला शत्रू समजते. जन्मदात्या आईची किडनी असली तरी शरीराच्या लेखी ती परकीच. १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टनला पहिले यशस्वी किडनी-प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांत, त्यामुळे तेथे हा प्रश्नच आला नाही. बाकीच्यांसाठी शरीराची ही फौज दडपून ठेवणारे औषध लागते. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन निघाले, ते १९८३ पासून अमेरिकेत सर्रास मिळू लागले. पुढे जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जंतूपासून टॅक्रोलिमस मिळाले. आज बहुतेक पेशंटना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशा तीन गोळ्या असतात.

फौज दडपली की चोरही घरात शिरणार, हे ओघाने आले. टॅक्रोलिमसने हात थरथरतात, चहाची बशी हिंदकळते. साखर आणि रक्तदाब वाढतो. प्रमाण जास्त झाले तर खुद्द किडनीलाच ते बाधते. सायक्लोस्पोरिनने हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते. मायकोफेनोलेटने जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. गर्भालाही ते घातक असल्याने मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे लागते. प्रेडनिसोलोनने भूक वाढते, तोंड गोल होते, मुरमे येतात, पुढे हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. हे सगळे प्रत्येकालाच होते असे नाही. पण काही ना काही होते.

लातूर जिल्ह्यातील एका भगिनीची हकीकत आमच्या पाहण्यातली आहे. किडनी तिच्या मायने दिली होती. चार महिन्यांत चेहरा भाकरीसारखा गोल झाला. लग्नकार्यात बायका म्हणाल्या, "खाऊन खाऊन सुजली गं." तिने मनाशी ठरवले आणि कोणाला न सांगता गोळ्या सोडल्या. वीस-बावीस दिवस काहीच दुखले नाही. यातच फसगत आहे. शरीर किडनीवर उलटते तेव्हा पुष्कळदा दुखत नाही, ताप येत नाही. तपासणीत क्रिएटिनिन दुप्पट निघाले. मग ज्या औषधाला ती भ्याली होती, त्याच जातीचे मोठे डोस सलाईनमधून द्यावे लागले. किडनी वाचली, पण पूर्वीसारखी राहिली नाही. माय एवढेच म्हणाली, "बाई, मला तरी सांगायचं होतंस." डॉक्टर तो डोस पुढे हळूहळू उतरवणारच होते. प्रेडनिसोलोन एकदम तोडले तर अंगातली ताकदच जाते, हेही तिला कोणी सांगितले नव्हते.

विनयपिटकातील महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः अंघोळ घातल्याचा प्रसंग आहे. तो आपण विहारात नेहमी ऐकतो. पण त्याच ठिकाणी पुढे कोणता रोगी शुश्रूषेला अवघड, हेही सांगितले आहे: जो औषध घेत नाही, आणि आजार वाढला की उतरला हे जसे आहे तसे सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या किडनीच्या वॉर्डात जशीच्या तशी लागू पडते.

अवयव किती दुर्मीळ आहे हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत वारले, ते यकृताच्या प्रत्यारोपणाची वाट पाहत असतानाच. दोनदा मुख्यमंत्री झालेल्या माणसाची ही गत, तर हमाली करणाऱ्याला दुसरी किडनी कोण देणार? आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, हेही पुरुषांनी ध्यानात ठेवावे.

गोळ्या चुकण्याचे दुसरे कारण म्हणजे पैसा. महिनाअखेर दोनची एक करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना दोष देववत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यात नांदेड होते. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ मध्ये शासनाने तिच्यातील किडनी-प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. पण त्यात ऑपरेशननंतरच्या गोळ्या किती दिवस बसतात, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारून कागदावर घ्यावे. गोळ्या परवडत नसतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, लाजू नये. स्वस्त कंपनीची गोळी मिळू शकते, पण ती आपल्या मनाने बदलू नये, कारण रक्तातील प्रमाण पुन्हा तपासावे लागते.

पाण्याचे आमच्या भागात वेगळेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. साठवलेले पाणी अशा पेशंटला उकळूनच द्यावे. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, म्हणून थांबू नये. घरात कोणी दोन आठवड्यांवर खोकत असेल तर त्याची टीबीची तपासणी करून घ्यावी. पेशंटलाच टीबी झाला तर रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसचा जोर एकदम उतरतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत हवीत. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, वैदूचे भस्म आणि पपनस वर्ज्य. पहिल्या वर्षी चैत्यभूमीच्या गर्दीत न जाता घरीच वंदना घ्यावी.

आमच्या कारकुनी डोक्याला सुचलेली एक गोष्ट: शंभर पानी वही घ्यावी, रकाने आखावेत. गोळीची वेळ, वजन, रक्तदाब, साखर, लघवी, आणि शेवटचा रकाना 'आज काय त्रास झाला' याचा. टॅक्रोलिमसच्या तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची असते, तेही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावे. वही शाळेत जाणाऱ्या मुलीकडे दिली तर उत्तम, मुली रकाने रिकामे ठेवत नाहीत.