पक्के यंत्र, कच्ची नोकरी

पुण्याजवळच्या भोसरीत अशी यंत्रे तयार होतात, की ज्यांची जुळी भावंडे सहसा कुठे सापडायची नाहीत. लेथ मशीन बाजारात विकत मिळते. पण पंपाच्या भागात बुश दाबून बसवायचा, चार स्क्रू आवळायचे, गळती तपासायची आणि खराब नग बाजूला टाकायचा, ही कामे माणसाचा हात न लागता ओळीने करणारे यंत्र त्या एका गिऱ्हाइकासाठी मुद्दाम बनवावे लागते. कारखान्यातली मंडळी त्याला ‘एसपीएम’, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन म्हणतात.

बँकेत असताना कर्जाच्या निमित्ताने अशा शेडमध्ये माझे जाणे होई. ड्रॉइंग पाहिले की वाटे, सुटे भाग आले, आता जोडले की झाले! प्रत्यक्षात खरे काम तिथूनच सुरू होते. फिटर आधी यंत्राचा पाया लेव्हलमध्ये आणतो. मग डायल फिरवून दोन रूळ समांतर आहेत का ते पाहतो. काटा हलला तर खाली पातळ शिम सारतो. हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. आपल्या डोक्याचा केससुद्धा त्याच्या पाच-सात पट जाड असतो!

सगळे जुळले की डॉवेल पिना ठोकायच्या. एका जुन्या फिटरने मला सांगितले होते, ‘‘साहेब, बोल्ट धरून ठेवतो, डॉवेल जागा राखतो.’’ बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असते, डॉवेल मात्र नेमका बसतो. म्हणूनच यंत्र खोलून ट्रकवर चढवले आणि चाकणला किंवा चेन्नईला नेऊन पुन्हा जोडले, तरी भाग आपापल्या जागी येतात.

माणसाची जागा राखायची सोय मात्र या धंद्यात कमीच. ऑर्डर आली की तीन-चार महिने रात्रंदिवस काम. ट्रायल पास होऊन यंत्र रवाना झाले, की शेड रिकामी. मालकाचीही अडचण खोटी नसते. शेवटचे पैसे गिऱ्हाइकाकडे अडकलेले, पुढच्या ऑर्डरचा पत्ता नाही. मग दोन-तीन फिटर कायम आणि बाकीचे तात्पुरते. आयटीआयमध्ये दोन वर्षे कानस चालवून हात तयार केलेला मुलगा या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत राहतो.

‘२४० दिवस’ हा आकडा कामगारांच्या घरात पाठ असे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले की वर्षाची सलग सेवा धरली जाई, आणि कामावरून कमी करताना नोटीस व भरपाईचा हक्क मिळे. ते भरण्याआधीच ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या; ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. चांगलेच झाले. पण ज्याचे वर्ष चार शेडमध्ये वाटले गेले, त्याने ते कुणाच्या वहीत भरायचे?

आमच्या कर्जाच्या अर्जात ‘नोकरी कायम की तात्पुरती’ असा रकाना असे. यंत्रावर लाखोंचे कर्ज मंजूर होई. ते यंत्र चालते करणारा फिटर घराच्या कर्जासाठी त्या रकान्यापाशी अडखळे.

यात नुकसान एकट्या फिटरचे नाही. कोणत्या रुळाखाली किती शिम घातली, हे पुष्कळदा ड्रॉइंगवर चढतच नाही. ते त्याच्या डोक्यात असते. दोन वर्षांनी यंत्र कुरकुरू लागले की त्याचा शोध सुरू होतो. तोवर तो तिसऱ्याच शेडमध्ये असतो.

यंत्राच्या फायलीत डिझायनरच्या नावाखाली जोडणाऱ्याचेही नाव असावे आणि काम संपताना त्याला अनुभवाचा लेखी दाखला मिळावा, एवढे तरी मालकांना जमण्यासारखे आहे. तुमच्या घरात असा मुलगा असेल, तर त्याला प्रत्येक ठिकाणची पगाराची पावती जपायला सांगा. पीएफ कापला जात असेल, तर यूएएन क्रमांक मालक बदलला तरी तोच राहतो, हेही सांगा. जागा कायमची नसली, तरी केलेल्या कामाची नोंद कायमची असायला हवी.